आमच्या संस्थेचे आद्य

एका उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. घरटी एक माणूस पिवळा पडला, तसे आमच्या शिक्षण संस्थेचे चिटणीसही पडले. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका त्यांना बघायला गेलो. ते खाटेवर उठून बसले, रसाचा पेला बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. या साथीतला पहिला रोगी मी आहे. तो ग्रामसेवक सांगत फिरतो की त्याला आधी झाली. साफ खोटं आहे. त्याचे डोळे माझ्यानंतर पिवळे झाले."

आम्ही मान डोलावली. काविळीतसुद्धा पहिला नंबर सोडायला तयार नसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांनी स्वतःच इतक्या दगडांवर लिहून ठेवलं आहे की मी त्यात भर घालायची गरज नाही. समोर सगळे त्यांना 'भाऊजी' म्हणत. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांचं नाव 'आद्य' होतं. ते कुणी ठेवलं ठाऊक नाही. चित्रकलेच्या सरांवर संशय होता.

मी वर्ध्याहून रोज एसटीने जात असे. सेलूच्या अलीकडे उतरलं की केळीच्या बागांमधून थोडं चालायचं, मग गाव लागे. वेशीपाशीच भाऊजींचा पहिला दगड होता, व्यायामशाळेचा. व्यायामशाळा नव्हती, फक्त दगड. पुढे वाचनालयाचा दगड, त्याला कुणाची तरी बकरी बांधलेली असे. मग महिला शिवणवर्गाचा, मग केळी उत्पादक मंडळाचा. प्रत्येकावर 'संस्थापक' या शब्दापुढे एकच नाव. संस्था स्थापन करायला भाऊजींना मनापासून आवडे. हार, नारळ, फीत, भाषण, सगळं जोरात होई. अडचण एवढीच होती की स्थापनेच्या दुसऱ्या दिवशी संस्था चालवावी लागते, आणि दुसरा दिवस त्यांना सहन होत नसे. शिवणवर्गाच्या मशीनवर पुढे त्यांच्या सूनबाईंनी पडदे शिवले.

त्यांचं एक वचन होतं. प्रार्थनेनंतर मुलांना उन्हात उभं करून ते ऐकवत, "पहिला तो इतिहास, दुसरा ती गर्दी!" हे ऐकून वर्गातली दुसऱ्या नंबरची मुलं खाली बघत. इतर मुलं तर आधीच खाली बघत असत.

खादीचा कडक बंडी-सदरा, हातात काळी छत्री. लहानपणी आश्रमात एका फार थोर माणसाच्या काठीला आपण हात लावला होता, अशी त्यांची एक आठवण होती. वर्ध्याकडच्या प्रत्येक खादीवाल्याकडे अशी एक आठवण असतेच. पण इतरांच्या आठवणीत ते काठीला हात लावून थांबतात. भाऊजींच्या आठवणीत ती काठी पडत होती आणि त्यांनी ती सावरली. दरवर्षी ती थोडी जास्त पडत गेली. मी नोकरीला लागले तेव्हा फक्त काठी पडत होती. मी निवृत्त व्हायच्या सुमारास थोर माणूसच पडत होता.

बोलणं मात्र पुस्तकी. व्यासपीठावर 'मी आपणांस विदित करू इच्छितो' असलं काहीतरी चाले. राग आला की आतला वऱ्हाडी बाहेर येई. "कोन म्हन्ते बे? आन त्याले इकडं!" त्यांचं खरं बोलणं ऐकायचं असेल तर त्यांना रागवायला लावावं लागे. हा उद्योग चित्रकलेचे सर अधूनमधून करत.

आता संस्थापक स्मरण दिनाबद्दल सांगायला हवं.

आमची शाळा चार जणांनी मिळून काढली होती. गावचे मालगुजार म्हणजे जमीनदार, एक कापसाचे व्यापारी, वर्ध्याचे एक वकील आणि एक पेन्शनर हेडमास्तर. मी आले तेव्हा चौघेही स्वर्गवासी झाले होते आणि चौघांच्या पुण्यतिथ्या वर्षभर विखुरलेल्या होत्या. प्रत्येकाच्या दिवशी फोटोला हार, दोन शब्द आणि अर्धी सुट्टी. भाऊजी चिटणीस झाले आणि त्यांनी ठराव आणला की हे वारंवार बरं दिसत नाही, सगळ्या संस्थापकांचं स्मरण एकाच दिवशी करावं. दिवसही त्यांनीच सुचवला. तो चौघांपैकी कुणाचाच नव्हता. कुणी मेलं नव्हतं, कुणी जन्मलं नव्हतं, शाळेचीही स्थापना त्या दिवशी झाली नव्हती. "तटस्थ दिवस आहे," भाऊजी म्हणाले.

ऐन कापूस वेचणीचे दिवस. निम्मी मुलं आईबापांबरोबर शेतात. तरी सक्तीने सगळ्यांना बोलावलं जाई. त्या दिवशी दुपारी भाऊजींच्या घरून शिक्षकांसाठी शिरा येई. पहिली काही वर्षं आम्ही तो संस्थापकांचा प्रसाद म्हणून खाल्ला. एकदा त्यांच्या पत्नी स्वतः डबा घेऊन आल्या. साध्या, भोळ्या बाई. मला म्हणाल्या, "घ्या ना बाई अजून थोडा. वर्षातून एक डाव तं येते आमच्या ह्यायचा वाढदिवस."

चित्रकलेच्या सरांनी घास गिळला आणि म्हणाले, "तटस्थ आहे, पण गोड आहे."

चार फोटोंनी भाऊजींचं समाधान होईना. संस्थापक स्मरण दिनात त्यांनी 'आद्य कार्यकर्ते' असा नवा वर्ग उघडला. गावातला पहिला मॅट्रिक, पहिली मोटार आणणारा, पहिली पिठाची गिरणी टाकणारा, बागेत पहिली केळी लावणारा, असे एकेक फोटो सभागृहाच्या भिंतीवर चढू लागले. हार सगळ्यांना सारखेच, चंदनाचे. कारण नियम होता की भिंतीवर फक्त दिवंगतांचा फोटो.

मग गावात एकच धांदल उडाली. ज्याच्या त्याच्या बापाने काहीतरी पहिलं केलेलं निघालं. "भाऊजी, माह्या आज्यानं गावात पह्यला फटफटीचा आवाज आनला." "माह्या बापानं पह्यली विहीर खंदली, पानी नाई लागलं तो भाग येगळा." भाऊजी डोळे मिटून ऐकत, न्यायाधीशासारखे. आणि कुणाचा बाप पहिला ठरेल, हे संस्थेच्या निवडणुकीत त्या घरची मतं कुठे जाणार यावर ठरे. विरोधात गेलेल्या घरचा फोटो भिंतीवरून उतरे. विचारलं तर भाऊजी सांगत, "काच तडकली होती. दुरुस्तीला टाकला आहे." मतं परत आली की काच दुरुस्त होई. गिरणीवाल्यांचा आजा माझ्या डोळ्यांसमोर तीनदा दुरुस्तीला जाऊन आला.

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. चीड येऊ लागली ती भागाबाईंमुळे.

भागाबाईंचं घर शाळेच्या रस्त्यावरच होतं. मातीचं, पुढे छपरी. मी दुपारचा डबा तिथेच खात असे, कारण शिक्षकांच्या खोलीतलं पाणी कोमट आणि गप्पा त्याहून कोमट. भागाबाई तेव्हा ऐंशीच्या आसपास होत्या. दात नव्हते, नजर लख्ख होती. वर्ध्याला माहेरी चार बुकं शिकून त्या या गावात लग्न होऊन आल्या. नवरा लवकर गेला. दिराचं घर, शेतीची कामं, त्यातून दुपारी मोकळ्या झाल्या की गल्लीतल्या पोरींना छपरीत बसवून धुळीत अक्षरं काढायला शिकवायच्या. गावात तेव्हा कुठलीच शाळा नव्हती. मालगुजारांच्या मनात शाळा काढायचं आलं ते त्यांच्या स्वतःच्या मुलीने एक दिवस कापसाच्या गाठीवरचा शिक्का घडाघडा वाचला तेव्हा. ती मुलगी भागाबाईंच्या छपरीतली. हे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं.

म्हणून मी एकदा भाऊजींना म्हटलं, "संस्थापक दिनाला भागाबाईंना बोलवू या ना. मानाने पुढे बसवू."

भाऊजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "शाळा म्हणजे काय बाई? सर्वप्रथम घंटा. मग हजेरीपट. मग इमारत. छपरीत चार पोरी बसवल्या तर ती शाळा होत नाही."

"पण सुरुवात तर..."

"सुरुवातीची कल्पना माझी. मी मालगुजारसाहेबांना सुचवलं होतं."

"तुम्ही तेव्हा केवढे होता?"

"लहान होतो. पण कल्पना मोठी होती."

मी पुन्हा बोलले तेव्हा आतला वऱ्हाडी बाहेर आला. "तुमाले काय करा लागते त्या म्हातारीचं? पोरायले व्याकरन शिकवा!"

मी वर्गावर गेले. मात्र त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. भागाबाईंच्या घरावरून जाताना भाऊजी छत्री उघडत, आणि ऊन कुठूनही येवो, ती छपरीच्या बाजूलाच धरत.

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. नागपूरहून मंत्री येणार होते. महिनाभर शाळेला चुना लागत होता. भिंतीच्या मधोमध, चार संस्थापकांच्याही वर, एक मोठी चौकट मखमली पडद्याखाली झाकून ठेवलेली. आत काय आहे ते गुपित. अनावरण मंत्र्यांच्या हस्ते. भागाबाईंना मी स्वतः हात धरून आणलं आणि बायकांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसवलं. निमंत्रण नव्हतं, पण मंत्र्यांसमोर कुणी म्हातारीला उठवणार नाही एवढा हिशेब मी केला होता.

मंत्री तीन तास उशिरा आले. आधीच्या दोन कार्यक्रमांत जेवून, दमून. भाऊजींनी 'सर्वप्रथम' असं म्हणून सुरुवात केली आणि बराच वेळ प्रथमच चालू राहिलं. शेवटी मंत्र्यांच्या हातात दोरी दिली गेली. त्यांनी ओढली. पडदा सरकला.

आत भाऊजी होते. तैलचित्रात. वर्ध्याच्या पेंटरने गालांना चांगली लाली दिली होती, बंडीच्या सुरकुत्याही काढल्या होत्या, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'आद्य संस्थापक'. हयात माणसाच्या फोटोचा नियम त्यांनी आदल्या आठवड्यात गुपचूप ठराव करून स्वतःपुरता शिथिल केला होता. पण हा ठराव शिपायाला कुणी कळवला नव्हता. सकाळी भिंत सजवताना त्याने सगळ्यांना घातला तसाच चंदनाचा हार पडद्याआडच्या चौकटीलाही घातला होता. खाली उदबत्तीही लावली होती.

मंत्री दिवसभरात भेटलेल्या माणसांचे चेहरे लक्षात ठेवत नसावेत. त्यांनी हार पाहिला, उदबत्ती पाहिली, चेहरा गंभीर केला आणि माइकवर म्हणाले, "अशी माणसं आता होणे नाही. आपण सर्व जण दोन मिनिटं उभे राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळं सभागृह उभं राहिलं. मंत्र्यांचं ऐकायचं नाही, असं आमच्या गावात कुणी शिकलेलं नव्हतं. आणि मी शपथेवर सांगते, भाऊजीही उभे राहिले. मान खाली, हात जोडलेले, स्वतःच्याच चित्राच्या अगदी खाली. पोरांचे खांदे हलत होते. मुख्याध्यापकांनी तोंडावर रुमाल धरला होता, बघणाऱ्याला वाटावं दुःखाने.

त्या शांततेत भागाबाईंनी माझा पदर ओढला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचं कुजबुजणं गावभर जाई.

"काऊन व मास्तरीन, हा केव्हा गेला? सकाळी तं दिसला मले."

त्यानंतर जे झालं ते आवरणं कुणाच्याच हातात नव्हतं. मागच्या रांगेतल्या पोरांपासून हसू सुटलं ते व्यासपीठापर्यंत आलं. मंत्र्यांच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं. तेही रुमाल शोधू लागले.

मला वाटलं, आता हा माणूस महिनाभर तोंड दाखवणार नाही. भाऊजी चौथ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि छत्रीच्या मुठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, "जिवंतपणी श्रद्धांजली मिळालेला जिल्ह्यातला पहिला माणूस मी असणार. कुणाला दुसरं उदाहरण ठाऊक असेल तर सांगावं."



महोत्सवानंतर मी डबा घेऊन छपरीत गेले तेव्हा भागाबाई सूप घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "हासाले नको होतं पोरी. त्याले लागलं असन."

"त्यांना काही लागत नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही कशाला कळवळता? ते तुमच्या घरासमोरून छत्री आड धरून जातात."

"माहीत हाये मले. लाजते तो."

"लाजायला काय झालं?"

त्यांनी सुपातले गहू निवडता निवडता सांगितलं. "याची थोरली बहीन माह्याकडे शिकाले ये. घरी पोट्ट्याले पाहाले कोनी नसे, म्हून माय यालेबी तिच्यासंगं धाडे. साऱ्या पोरीत हा एकटा पोट्टा. भोकाड पसरे. मंग म्या त्याचं बोट धरलं अन् धुळीत 'अ' काढून देल्ला. बहिनीच्या आंधी शिकला, पाह. लय हुशार होता. गावातल्या पोट्ट्यायले समजलं, तं ते त्याले 'बायजाबाई, बायजाबाई' म्हनत पाठी लागले. त्या दिसापासून आला नाई." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "कोनाले सांगजो नको हं."

म्हणजे गावात अक्षर शिकलेला पहिला मुलगा कोण, हा प्रश्न जर कधी निघाला असता, तर त्याचं एकच खरं उत्तर होतं. जन्मभर हा माणूस काविळीपासून मोटारीपर्यंत पहिला नंबर शोधत फिरला, आणि जो एक त्याचा स्वतःचा, कुणी हिरावून घेऊ न शकणारा होता, तो त्याने छत्रीआड लपवला. का, तर तो एका विधवेच्या छपरीत, पोरींच्या रांगेत मिळाला होता.

मी भागाबाईंचा शब्द पाळला. फक्त एकदा, दाखल्यांवर सह्या घेताना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, तुम्हाला पहिली अक्षरं कुणी शिकवली?"

त्यांनी सही पूर्ण केली, टोपण लावलं. "कुणी नाही. अक्षरं मला आपोआप आली."

पुढे काही वर्षांनी भागाबाई गेल्या. झोपेतच. प्रेतयात्रेत भाऊजी पुढे होते, स्मशानात पहिलं भाषणही त्यांचंच झालं. त्यात भागाबाई एका वाक्यात आटोपल्या आणि उरलेलं भाषण काठी सावरण्यावर गेलं.

आता त्या दिवंगत होत्या, तेव्हा नियमाची अडचण नव्हती. गावातल्या बायांनी मुख्याध्यापकांकडे धरणं धरलं की भिंतीवर बाईंचा फोटो लागलाच पाहिजे. भाऊजी लगेच तयार झाले, याचंच मला नवल वाटलं. भागाबाईंच्या पुतण्याकडे कुठल्याशा लग्नातला एक फोटो होता, त्यातून त्यांना कापून मोठं केलं. खांद्यावर शेजारच्या कुणाचा तरी हात राहून गेला होता.

संस्थापक स्मरण दिनाला सभागृह उघडलं तेव्हा आम्ही खालची ओळ वाचली. भाऊजींनी ती सेलूहून रंगवून आणली होती.

'गावातील नव्वदी गाठणाऱ्या पहिल्या महिला'.

चित्रकलेचे सर माझ्याकडे बघत राहिले. शाळा नाही, छपरी नाही, अक्षरं नाहीत. बाईंनी काय केलं, तर त्या मेल्या नाहीत लवकर.

छपरीत शिकलेल्या चार-सहा जणी त्या दिवशी आल्या होत्या, आता सगळ्या आज्या. त्यांत भाऊजींची थोरली बहीणही होती. जाम गावात दिलेली, एसटी बदलत आलेली, कमरेत वाकलेली. तिने चष्मा चढवला आणि बोट लावून ती ओळ वाचली, एकेक अक्षर जोडत, लहान मुलीसारखी मोठ्याने. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचली. भाऊजी भिंतीपाशीच उभे होते, भाषणाचा कागद हातात. ती त्यांच्यासमोर गेली.

"सरक," ती म्हणाली.

आयुष्यात मी त्यांना कुणी एकेरी बोललेलं ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता वऱ्हाडी बाहेर येणार. पण भाऊजी सरकले. भिंतीला पाठ लावून, कागद छातीशी धरून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

म्हातारीचा हात पुरेना. मालगुजारांच्या मुलीने स्टूल ओढलं, दुसरीने तिला धरलं. फोटो खाली आला. बहिणीने त्यावरचा हार काढून टेबलावर ठेवला, काच पदराने पुसली, फोटो पदरात गुंडाळला आणि त्या साऱ्या जणी सभागृहातून बाहेर पडल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. फोटो छपरीत लावला, असं नंतर कळलं. खालची पट्टी चुलीत गेली.

भाऊजींनी घसा साफ केला. "सर्वप्रथम..." ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना आठवेना. कागद हातात असूनही आठवेना. बराच वेळ ते ओठ हलवत उभे राहिले. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी हा माणूस ते एक वाक्य बोलेल. त्या क्षणी तो बोलला असता तर मी त्याला सगळं माफ केलं असतं, दगड, शिरा, दुरुस्तीला गेलेले बाप, सगळं.

"काच तडकली होती," भाऊजी म्हणाले. "दुरुस्तीला नेली आहे."

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले तेव्हा त्या खिळ्यावर गावात पहिला टीव्ही आणणाऱ्या अडत्याचा फोटो लागला होता. अडत्या हयात होता, समोरच उभा राहून फोटो सरळ आहे की नाही ते बघत होता.